खाडीला उपनदी म्हणावं का?

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका ताईंनी मुलीच्या शाळेच्या प्रकल्पातलं वाक्य पाठवलंय: ‘देसाई खाडी ही उल्हास नदीची दलदलीची उपनदी असून तिचे वॉटरशेड पारसिक डोंगरापर्यंत पसरले आहे.’ त्यांचे प्रश्न दोन. खाडीला उपनदी म्हणतात का? आणि ‘वॉटरशेड’ म्हणजे पाणलोट की जलविभाजक?

भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे मोठ्या नदीला येऊन मिळते ती उपनदी, म्हणजे वाक्य चूक नाही. पण शीळ-देसाईकडच्या माणसाच्या तोंडी ‘उपनदी’ येणार नाही. आपल्याकडे पाण्याचं नाव त्याच्या वागण्यावरून पडतं. वरून खाली वाहतंय तोवर ओहोळ, ओढा, नदी. भरतीचं पाणी उलटं चढू लागलं की खाडी. खुद्द उल्हासचंच बघा ना. राजमाचीच्या डोंगरातून निघते, बदलापूरला नदी असते, मुंब्र्याला येईस्तोवर तिची मुंब्र्याची खाडी झालेली असते आणि समुद्राला मिळते ती वसईची खाडी होऊन. तेव्हा ‘उल्हासला मिळणारी देसाई खाडी’ एवढं पुरे. बाईंना उपनदी हवीच असेल तर तळटीप द्या.

‘दलदलीची’ मात्र मी खोडेन. दलदल हा पायाचा शब्द आहे. पाय रुततो एवढंच तो सांगतो. पाणी खारं की गोडं, ते भरतीनं आलं की पावसानं, याचा त्यात पत्ता नाही. ओहोटीला राखाडी चिखल उघडा पडतो, त्यावर निवट्या नावाचे छोटे मासे टुणटुण उड्या मारतात, कडेला तिवरं उभी असतात आणि सहा तासांनी सगळं पुन्हा पाण्याखाली जातं. या जमिनीला खाजण म्हणतात. तिलाच बांध घालून, समुद्राचं पाणी बाहेर ठेवून भात लावला की ती खारजमीन. सरकारी कागदात हल्ली ‘पाणथळ’ दिसतो. तो चुकीचा नाही, पण त्यात तळ्याचा काठही येतो आणि खाजणही, त्यामुळे इथे फारसा कामाचा नाही.

आता पाणलोट. धुराचे लोट म्हणतो त्यातलाच हा लोट, म्हणजे जोरानं सुटलेलं पाणी. ते ज्या जमिनीवरून एका प्रवाहात उतरतं, ते त्याचं पाणलोट क्षेत्र. घोटाळा इंग्रजीतला आहे: ब्रिटिश वापरात वॉटरशेड म्हणजे दोन खोऱ्यांमधली कड, अमेरिकन वापरात अख्खं पाणलोट क्षेत्र. मराठीत त्या कडेसाठी जलविभाजक हा वेगळा शब्द असल्यामुळे आपली अडचण नाही.

पारसिकचा डोंगर हा असा जलविभाजक. ज्याच्या पोटातून १९१६ साली रेल्वेचा बोगदा गेला, तोच. माथ्यावर पडलेला पाऊस पश्चिमेला उतरला तर ठाणे खाडीत जातो. पूर्वेला शीळ-डायघरकडे उतरला तर देसाई खाडीतून उल्हासला. त्याच अंगाला आणखी दक्षिणेला, तळोज्याकडे उतरला तर मात्र पनवेलच्या खाडीत. मुलीच्या वाक्यात ‘पसरले आहे’ असं क्रियापद आहे. रेघ पसरत नाही, क्षेत्र पसरतं, म्हणून तिथे पाणलोट क्षेत्रच हवं.

मी असं लिहिलं असतं: ‘देसाई खाडी दिव्याजवळच्या खाजणातून वाहत उल्हासला मिळते, तिचे पाणलोट क्षेत्र पारसिक डोंगराच्या पूर्व उतारापर्यंत पसरले आहे.’