‘हे सारखे वैतागलेले असतात’ : ऊस हंगामातील एका घराची गोष्ट

दिवाळी संपून थंडी पडू लागली की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. घरातील कमावता माणूस, बहुतेक वेळा पुरुष, कामावरून परतल्यावर रस्त्याबद्दल, कामाबद्दल, मोबाइलबद्दल आणि एकूणच हल्लीच्या जगण्याबद्दल कुरकुर करत राहतो. काही सुचवले तर चिडतो आणि गप्प बसावे तर ‘माझे कोणी ऐकतच नाही’ म्हणतो. याला स्वभाव म्हणायचे, आजार म्हणायचे, की आपलेच काही कमी पडते आहे असे समजायचे, हा घरच्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर मी एका प्रकरणाच्या आधारे देणार आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून आवश्यक तेथे तपशील बदलले आहेत.

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात राहणाऱ्या, चाळिशीच्या आसपासच्या एक गृहिणी प्रथम एकट्याच आल्या. त्यांचे पती कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) गुणवत्ता विभागात काम करतात आणि पहिली पाळी 7 वाजता सुरू होत असल्यामुळे पहाटे पावणेसहाच्या सुमारास स्वतःची मोटार घेऊन निघतात. बाई म्हणाल्या, “मॅडम, आमचे हे घरात पाऊल टाकल्यापासून नुसते वैतागलेले असतात. ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या, टोलवाल्यांना शिव्या, साहेबांना शिव्या, मोबाइललासुद्धा शिव्या. आता बाबांची गाडी वाजली की मुलगी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जाते. मी म्हणाले, आपल्याला काय कमी आहे, किती जणांना नोकरीच नाही, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.”

‘आपल्याला काय कमी आहे’ हे वाक्य आपल्याकडे फार सहजपणे बोलले जाते आणि बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होऊन थकव्यात संपतो, त्याला ते वाक्य ‘तुझी तक्रार खोटी आहे’ असे ऐकू येते. हल्ली मोबाइलवरून रोज सकाळी सकारात्मक विचारांचे जे संदेश फिरत असतात, त्यांचाही परिणाम अनेकदा असाच होतो. माणूस तक्रार करायचे थांबत नाही. उलट ती अधिक मोठ्याने करू लागतो, कारण आता त्याला आधी तक्रारीचा खरेपणा सिद्ध करावा लागतो.

पुढच्या भेटीला ते गृहस्थ आले, पण ‘ही म्हणते म्हणून’ आले. त्यांना राग का येतो हे विचारण्याऐवजी मी त्यांना एका सकाळचा प्रवास घरापासून कंपनीच्या फाटकापर्यंत, एकही टप्पा न गाळता सांगायला सांगितले. हा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण ते खुर्चीत सरळ होऊन बोलू लागले.

पश्चिम महाराष्ट्रात हिवाळा आणि उसाचा गाळप हंगाम एकाच वेळी येतात, आणि येथील हिवाळी वाहनचालनाचा खरा प्रश्न थंडीपेक्षा या योगायोगात आहे. जानेवारीत कोल्हापूर-सांगली भागात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे पहिल्या पाळीचा कामगार जवळजवळ सगळा रस्ता अंधारात कापतो. पेठ नाक्यावरून पुणे-बंगळूर महामार्गाला लागल्यावर सहापदरीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी वळवलेले रस्ते लागतात, वारणा नदीच्या पुलाच्या आसपास धुके साठलेले असते, आणि त्यातून कारखान्यांकडे निघालेले जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर संथपणे जात असतात. ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांमुळे, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्यामुळे, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर असले तरी झाकले जातात, आणि पुष्कळदा ते नसतातच. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात टेप चालू असल्यामुळे मागून दिलेला हॉर्न चालकाला ऐकू येत नाही. काही जण वळसा वाचवण्यासाठी चुकीच्या बाजूने समोर येतात, तर रस्त्यावर सांडलेला ऊस चुकवायला दुचाकीवाले अचानक आडवे होतात. हे सारे ते सांगत होते तेव्हा त्यात अतिशयोक्ती नव्हती. त्या रस्त्याने प्रवास करणाऱ्या कोणालाही ते पटेल.

मग ते टोलवर आले, फास्टॅगच्या केवायसीवर आले आणि तेथून मोटारीच्या खर्चावर. त्या ओघात ते म्हणाले, “आणि त्या दिवशी ब्रेक इतका जोरात दाबावा लागला, की आता सगळे पॅड बदलायला सांगितलेत. विनाकारण तीन-चार हजारांना फोडणी.” मी विचारले, “त्या दिवशी म्हणजे कोणत्या दिवशी?” ते थांबले. मग तुटक वाक्यांत कळले ते असे : डिसेंबरातील एका पहाटे धुक्यात त्यांच्या पुढ्यात अचानक उसाची भिंत उभी राहिली. ट्रॉली दिसल्यावर मोटार थांबली ती हातभर अंतरावर. मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोने ऐन वेळी बाजू घेतली म्हणून तो धडकला नाही. थोडा वेळ ते तसेच बसून राहिले, मग कंपनीत गेले, हजेरी लावली आणि कामाला लागले. हा प्रसंग त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता. सांगितला होता तो ब्रेक पॅडचा खर्च, आणि तोही अनेकदा.

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो, म्हणजे वेग कमी होण्यापूर्वीच 17-25 मीटर संपलेले असतात. धुक्यात तेवढेही दिसत नसेल, तर चालक कितीही कुशल असला तरी त्याचे वाचणे योगायोगावर अवलंबून राहते, आणि हे त्या गृहस्थांच्या शरीराने त्या पहाटे ओळखले होते. त्यानंतर रोज पेठ नाका ओलांडताच त्यांचे खांदे ताठ होत, जबडा आवळला जाई आणि संध्याकाळपर्यंत तो ताण उतरत नसे. भीती वाटते असे म्हणणे त्यांना जमले नसते. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या पुरुषाने ‘मला गाडी चालवायची भीती वाटते’ असे घरात म्हणावे, असे वातावरण आपल्याकडे क्वचितच असते. वैताग मात्र पुरुषाला शोभतो असे मानले जाते. म्हणून भीती वैतागाच्या रूपाने बाहेर येत होती, आणि ट्रॅक्टर सापडला नाही तर टोल, साहेब किंवा मोबाइल यांपैकी कोणालाही धरत होती.

मानसशास्त्रज्ञ डॅनिअल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये टेक्सासमधील 909 नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसातील प्रत्येक कामाच्या वेळी कसे वाटले हे नोंदवायला सांगितले होते. त्यात कामावर जाण्याचा सकाळचा प्रवास अगदी तळाशी होता. म्हणजे धुके आणि ऊस नसतानाही प्रवास माणसाला नकोसा होतो. येथे त्यात जिवाची भीती मिसळली होती.

या टप्प्यावर समुपदेशकालाही एक मोह होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, जी आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे पुष्कळांना ठाऊक झाली, ‘असे व्हावे’ ही इच्छा आणि ‘असे झालेच पाहिजे’ हा हट्ट यांतील फरक शिकवला जातो, आणि मी तो अनेकांना शिकवते. परंतु ‘ट्रॉलीला मागे दिवा असलाच पाहिजे’ हा हट्ट नव्हे. तो कायदा आहे. रस्त्याचा दोष माणसाच्या विचारपद्धतीच्या खात्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून आम्ही तक्रारींची विभागणी केली. ज्यांचे काही करता येते त्या एका बाजूला, ज्यांचे आपल्या हातात काही नाही त्या दुसऱ्या बाजूला, आणि ज्यांच्या आड दुसरेच काही दडले आहे त्या तिसऱ्या बाजूला ठेवल्या. ब्रेक पॅड तिसऱ्या बाजूला गेले.

तो प्रसंग त्यांनी पत्नीला माझ्यासमोर सांगितला. बाई आधी रडल्या नाहीत, रागावल्या. “हे तुम्ही मला सांगितलं नाही?” “सांगितलं असतं, तर तू रोज पहाटे दारात जीव मुठीत धरून उभी राहिली असतीस.” “मग आता काय वेगळं करते?” या उत्तरावर दोघेही गप्प झाले आणि मीही मध्ये बोलले नाही.

करण्याजोग्या गोष्टी थोड्या होत्या. धुक्यात दिवे डिपरवर (प्रकाश खाली पडेल असे) ठेवावेत, कारण अपरचा (वर पडणारा) प्रकाश धुक्यातील थेंबांवरून परत डोळ्यांवर येतो आणि समोरचे आणखी दिसेनासे होते. काच आतून धूसर होत असेल तर एसी चालू करून उबदार हवा काचेवर सोडावी, कारण एसी हवेतील ओलावा काढतो. हे त्यांना ठाऊक होते, पण निघायला उशीर झाला की पाळले जात नव्हते. मग निघण्याची वेळ थोडी अलीकडे आणली आणि त्याच मार्गावरील एका सहकाऱ्याबरोबर मोटार आलटूनपालटून नेण्याचे ठरले. सामान्य पाळी मिळावी असा अर्ज त्यांनी केला; तो नामंजूर झाला. ट्रॅक्टरांविषयी मात्र काही करता आले. ऊस वाहतुकीची वाहने कारखान्याशी करार करून चालतात आणि त्यांची नोंद कारखान्याच्या शेती विभागाकडे असते, त्यामुळे केवळ ‘ट्रॅक्टरवाले’ म्हणून चिडण्याऐवजी वाहनाचा क्रमांक देऊन लेखी तक्रार करता येते. सहकाऱ्याची मोटार असेल त्या दिवशी हे गृहस्थ क्रमांक टिपून घेऊ लागले. सगळ्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लागले असे नाही, काहींना लागले.

कामाच्या तक्रारीचे मूळ कामात नव्हते, रात्रीच्या संदेशांत होते. रिजेक्शनचे, म्हणजे नाकारलेल्या मालाचे, आकडे विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहाच्या पुढे येत, त्यावर साहेबांचे प्रश्न येत, आणि पहाटे साडेचारला उठायचे असलेला माणूस अकरा वाजता मान खाली घालून खुलासे टंकत बसे. कामाच्या वेळेबाहेर असे संदेश टाळण्याचा हक्क फ्रान्समध्ये 2017 पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडले होते, पण ते कायदा झाले नाही. कायद्याची वाट न पाहता त्यांनी साहेबांना एवढेच कळवले, की पहिल्या पाळीच्या आठवड्यात ते नऊनंतरचे संदेश सकाळी कंपनीत पोहोचल्यावर पाहतील. साहेबांनी त्यावर होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. आपल्याकडच्या नोकऱ्यांत पुष्कळदा याला संमती समजावे लागते.

आता घरातील बोलण्याविषयी. ‘मन मोकळे करा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी 2002 मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीवर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की त्याच त्याच त्रासावर दोघांनी पुन्हा पुन्हा बोलत राहिले तर जवळीक वाढते, पण खिन्नतेची लक्षणेही त्याबरोबर दिसतात. प्रौढांच्या संसारातही मी हे पाहते. म्हणून हात-पाय धुऊन चहा झाल्यावर पाव तास तक्रारींसाठी ठरवला. त्या वेळात ऐकणाऱ्याने उपाय सुचवायचे नाहीत आणि दुसऱ्यांची उदाहरणेही द्यायची नाहीत; ‘पुढे काय झाले’ एवढे विचारायचे. वेळ संपल्यावर विषय बदलायचा.

हे ठरवताना मी बाईंना विचारले, की त्यांच्या तक्रारी कोण ऐकते. त्या हसल्या. पतीच्या डब्यासाठी साडेचारच्या आधी उठणे, गार पाणी, मुलीच्या शाळेच्या ग्रुपवरचे संदेश, सासूबाईंच्या गुडघ्यांचे थंडीतील दुखणे, गॅसच्या नोंदणीपासून वीजबिलापर्यंत प्रत्येक गोष्टीचा ओटीपी पतीच्या मोबाइलवर जाणे आणि ते पाळीवर असल्यामुळे तो न मिळणे, असे बरेच काही त्यांच्याकडे होते. अनेक घरांत कुरकुरीचा हक्क एकाच माणसाकडे असतो आणि बाकीच्यांनी श्रोते व्हायचे असते. त्यामुळे त्या पाव तासाचा अर्धा भाग बाईंना द्यायचा, असे ठरले. गृहस्थांना हे जड गेले. पहिल्या आठवड्यात ते पत्नीला मध्येच थांबवून उपाय सुचवत राहिले, आणि उपाय सुचवला की ऐकणाऱ्याला कसे वाटते हे त्यांना त्यातूनच समजले. ओटीपीसाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक मात्र दुसऱ्याच दिवशी बदलून तेथे बाईंचा क्रमांक दिला.

ज्यांच्या घरी असेच काही चालू आहे, त्यांनी कुरकुर किती मोठ्याने होते यापेक्षा तिच्याबरोबर आणखी काय बदलले आहे हे पाहावे. जेवण, झोप आणि आवडीच्या गोष्टी टिकून असतील, रविवारी माणूस पूर्वीसारखा हसत असेल, तर ती बहुधा परिस्थितीची तक्रार असते आणि ती ऐकून घेण्यासारखी असते. परंतु दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, दारू वाढली असेल किंवा जगण्याबद्दल निराशेची भाषा येत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवणे लांबवू नये. रस्त्यावरील प्रसंग वारंवार डोळ्यांसमोर येणे, स्वप्नात दिसणे आणि त्या रस्त्याने जाणेच टाळू लागणे हेही उपचाराचे कारण आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या शासनाच्या टेली-मानस दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. या गृहस्थांना काही आठवडे तसली स्वप्ने पडत होती, म्हणून मी त्यांना एकदा तज्ज्ञांकडे पाठवले. औषधाची गरज पडली नाही. माझ्याकडच्या त्यांच्या भेटी गाळप संपण्याच्या सुमारास थांबल्या. पुढील हंगामात सामान्य पाळीसाठी पुन्हा अर्ज करायचा असून, तो दिवाळीपूर्वीच द्यायचा, असे पती-पत्नींनी मिळून ठरवले आहे.