प्रेशर प्लेटवर निळे डाग आहेत, फक्त क्लच प्लेट बदलून चालेल का?

नाही, जुनी प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी बिडाची चकती) परत बसवू नका. "पॉलिश पेपर मारला की झालं" असं मेकॅनिक म्हणतोय, पण निळा डाग हा नुसता रंग नव्हे. घाटात अर्धा क्लच धरून गाडी चालवली की बिडाचा पृष्ठभाग तापून तिथे कडक होतो. वरचा निळेपणा घासून जाईल, आतला कडकपणा तसाच राहतो. मग नवी क्लच प्लेट तिथे नीट धरत नाही आणि पहिल्या गिअरला गाडी थरथरते.

प्रेशर प्लेटवर स्टीलची पट्टी आडवी धरून पाहा. मधून उजेड दिसला तर प्लेट वाकली आहे. केसासारखे बारीक तडे नखाला लागतात, तेही तपासा. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं (मधली टोकं) रिलीज बेअरिंगपाशी (क्लच दाबल्यावर ही बोटं ढकलणारं बेअरिंग) झिजली असतील तर ती प्लेट वापरायचा विचारच करू नका, शिवाय तापलेल्या स्प्रिंगचा ताण कमी होतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

फ्लायव्हीलची (इंजिनला जोडलेलं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) गोष्ट वेगळी. साधं, एकसंध असेल, तडे नसतील आणि जाडी कंपनीच्या मर्यादेत राहत असेल तर लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट कापून) वापरता येतं.

गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर रिलीज बेअरिंगसकट पूर्ण सेट घाला. तीच मजुरी दुसऱ्यांदा भरायला लागणं फार जिवावर येतं.