वाचकांचे प्रश्न : भंगारातली शिल्पं

प्रश्न : सळया, दुचाकीची चेन आणि जुनी बेअरिंगं जोडून बगळा करतोय. सळयांचे जोड पक्के आहेत. पण बेअरिंग वेल्डिंगनंतर तासाभरात ‘टिंग’ आवाज करून सुटलं. दोनदा तेच झालं. रॉड बदलू का? (पिंपरी)

उत्तर : आधी धातू बघा, रॉडचं नंतर. बेअरिंगच्या पोलादात साधारण १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं. तापून झटकन निवलं की जोडालगत ते काचेसारखं ठिसूळ होतं आणि वेल्ड आकसताना नेमकी तिथेच ओढ बसते. सुटलेला जोड उलटा करून पाहा. बेअरिंगची पातळ कपची वेल्डला चिकटून आली असेल, तर वेल्ड धरून होता, बेअरिंगच फाटलं.

६०१३चा नेहमीचा रॉड इथे चालत नाही. ३१२ जातीचा स्टेनलेस रॉड घ्या, २.५ मिमी, ६०-७० अँपिअर, टाके बोटाच्या पेराहून मोठे नकोत. त्याआधी सील उचकटून ग्रीस डिझेलने धुवा आणि बेअरिंग पूर्ण वाळवा. ग्रीस राहिलं की वेल्डमध्ये बारीक भोकांची जाळी पडते. सील बंद ठेवून तापवलं तर आतलं ग्रीस अंगावर उसळू शकतं. टॉर्चने सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवून जोडा आणि लगेच कोरड्या राखेत रात्रभर पुरून ठेवा. घाई म्हणून पाणी मारलंत की पुन्हा ‘टिंग’.

एवढं करूनही खात्री नाहीच. खरं तर बेअरिंगला वेल्ड करूच नये. मधल्या भोकातून बोल्ट घाला किंवा ६ मिमी सळईची कडी वळवून त्यात पकडा. बगळ्याचा डोळा करायचा असेल तर बोल्टच बरा, डोळा फिरतोसुद्धा.

ढिगातला तुकडा कशाचा हे कळेना, तर ग्राइंडरला टेकवा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर. स्प्रिंग, कानस, बेअरिंग असेल तर ठिणग्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. बिडाला निकेलचा रॉड लागतो आणि तो महाग. तिथेही भोक पाडून बोल्ट लावणं परवडतं.

प्रश्न : जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आणि मोटारसायकलचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर स्वस्तात मिळालेत. थेट वेल्ड करू का? (नाशिक)

उत्तर : नको. जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचं दोन इंच जस्त मास्क लावून घासून काढा आणि काम उघड्यावर करा. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या आत तेल असतं, काहींत दाबाखालचा वायूही. तापवला तर फुटतो. गॅसचा असेल तर शिल्पासाठी घेऊच नका. पेट्रोलची टाकी धुतलेली असली तरी तिलाही हेच लागू.

प्रश्न : अंगणातल्या मोराला क्लिअर लॅकर मारलं. एका पावसाळ्यात पापुद्रे सुटले, फरशीवर तांबडे ओघळ आले. तुऱ्याच्या तांब्याच्या तारांपाशी लोखंड सर्वांत जास्त खाल्लंय. (रत्नागिरी)

उत्तर : लॅकर गंजावर मारलं, आणि गंजात खाऱ्या हवेतलं मीठ होतं. ते आत कोंडलं आणि पापुद्र्याखाली काम करत राहिलं. सगळं लॅकर खरवडा, वायरब्रश मारा, मग गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. ही धुणी कुणी करत नाही, आणि सगळं तिथेच फसतं. वाळल्यावर उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा टिकाऊ थर करणारं द्रावण), त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि मग रंग. गंजाचा तांबूस रंगच आवडत असेल तर मोर ओटीवर घ्या आणि दर दोन महिन्यांनी मेण लावा. अंगणात कोकणचा पाऊस मेणाला दाद देत नाही.

तांबं आणि लोखंड ओल्या मिठात एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते आणि झिजतं ते लोखंड. तारा थेट गुंडाळू नका; नायलॉन वॉशर आणि प्लॅस्टिकची नळी मध्ये घालून बोल्टने बसवा. पोटात जिथे पाणी साठतं त्या सर्वांत खालच्या जागी ६ मिमीचं भोक पाडा, आणि ते रंगाने बुजलं नाही ना, हे शेवटी तार घालून पाहा.