पाळीची तारीख शुगरच्याच वहीत लिही

प्रिय बाय,

फोनवरच बोलणार होते, पण तुझ्या घरात सगळे आजूबाजूला असतात, मोकळं बोलता येणार नाही म्हणून लिहितेय. तू विचारलंस की पाळीच्या आधी चार-पाच दिवस जेवण तेच, इन्सुलिन तेच, तरी शुगर २५० च्या खाली येत नाही, माझं काय चुकतंय? काही चुकत नाही गो. अंडं सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि त्या दिवसांत इन्सुलिनचा जोर कमी पडतो, मग पाळी सुरू झाली की शुगर परत खाली येते, कधीकधी धाडकन. सगळ्यांनाच होतं असं नाही पण आपल्यासारख्या टाइप १ डायबेटिसवाल्या बऱ्याच जणींना होतं.

मला हे कळायला अकरा वर्षं लागली. शुगरची वही वेगळी, पाळीची तारीख कॅलेंडरवर, डॉक्टरांनी कधी विचारलं नाही आणि मी लाजून सांगितलं नाही. एका चवथीला शुगर चढली तर घरचे म्हणाले चोरून नेवऱ्या खाल्ल्या असणार, मी खूप रडले, कारण एकही खाल्ली नव्हती. म्हणून सांगते, तीन महिने दोन्ही एकाच वहीत लिही आणि डॉक्टरांना दाखव, त्या दिवसांचा डोस ते ठरवतील, फक्त पाळी आली की तो परत कमी करायचा हे विसरू नको, नाहीतर रात्री शुगर फार खाली जाऊन लो होशील.

लघवीच्या जागी खाज सुटते तेही लपवू नको. शुगर जास्त राहिली की तिथे यीस्ट म्हणजे एक बुरशी वाढते, त्यात आपला पावसाळा, कपडे धड वाळत नाहीत. साधं औषध असतं त्यावर. तुझ्या मावशीला डापाग्लिफ्लोझिन चालू आहे म्हणालीस ना, त्या गोळीने लघवीतून साखर बाहेर पडते आणि हाच त्रास होऊ शकतो, तिलाही सांग.

आता लग्नाचं. आई म्हणते मुलाकडच्यांना सांगू नको, मी म्हणते सांगच, इन्सुलिन लपवून संसार होत नाही. डायबेटिसवाल्यांना मुलं होत नाहीत हे साफ खोटं आहे, मला दोन आहेत. पण दिवस राहायच्या आधी तयारी लागते, कारण बाळाचं हृदय, मणका पहिल्या आठ आठवड्यांतच बनतात आणि तेव्हा कित्येकींना दिवस गेलेत हेच माहीत नसतं. म्हणून एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, आधीच ६.५ च्या खाली आणायचं, सारखं लो न होता जमेल तितकं. फॉलिक ॲसिडचा जास्तीचा डोस आधीपासून लागतो तो विचारून घे, डोळ्यांचा पडदा तपासून घे, आणि बीपीची किंवा किडनीसाठीची रामिप्रिलसारखी गोळी कधी सुरू झालीच तर मूल हवंय हे आधी सांग, ती बदलावी लागते. इन्सुलिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी बंद करायचं नाही, बाळासाठीसुद्धा तेच लागतं. आणि तयारी होईपर्यंत गर्भनिरोधकाचं विचारायला लाजू नको.

बांबोळीच्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट कधी आहे ते कळव. मी फोंड्याहून सकाळच्या कदंबा बसने येते, आत एकटीने बोलायला जमलं नाही तर मी बसेन बाजूला. वही तेवढी आण.

तुझी
ताई