व्हिडिओ बघून होतो, डोक्यात काहीच राहत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सोलापुरात अशोक चौकाकडं राहते. कॉलेजनं क्रेडिटसाठी 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा एनपीटेलचा (आयआयटीवाले चालवतात तो) १२ आठवड्यांचा कोर्स घ्यायला लावला. पहिले दोन आठवडे गड्ड्याच्या जत्रेत आणि पाहुण्यात गेले, आता चार आठवड्यांचे व्हिडिओ साचलेत, दोन असाइनमेंटची तारीख पण गेली. घर दोन खोल्यांचं, शेजारी पॉवरलूमची खटखट, आई विड्या वळत बसते, फोन एकच, त्यावर भावाचा पण डोळा. रात्री ११ ला डबल स्पीडवर व्हिडिओ लावते, सकाळी काहीच आठवत नाही. कोर्स सोडून देऊ का?

उत्तर : नको गं सोडूस, आधी हिशोब तर बघ. १२ आठवड्यांच्या कोर्सला सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, म्हणजे दोन गेल्या तरी अजून १० हातात आहेत. त्यांना २५ मार्क आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात, दोन्हीकडं वेगवेगळे, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. आणि परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो, फी पण वेगळी, कोर्स जॉइन केला म्हणजे फॉर्म भरला असं धरून बसलेली पोरं मी बघितलीत, लई वाईट वाटतं तेव्हा. आजच तारीख बघ.

साचलेले व्हिडिओ पहिल्यापासून बघत बसू नकोस. चालू आठवडा आधी, त्याची असाइनमेंट वेळेत टाक, मागचं रविवारी एकेक करून काढ.

आता खरा मुद्दा. बघणं म्हणजे अभ्यास नव्हे. मी स्वतः असा कोर्स केलाय, पहिला महिनाभर मला वाटायचं सगळं कळतंय, कारण सर बोलत असतात तेव्हा कळतच असतं की, आणि असाइनमेंट उघडली की हात थांबायचा. मग मी एकच बदल केला, व्हिडिओ संपला की फोन पालथा ठेवायचा आणि वहीत अर्धं पान न बघता लिहायचं, जेवढं आठवेल तेवढं, चुकीचं असलं तरी. मग परत व्हिडिओ लावून चुकलेलं लाल पेनानं दुरुस्त करायचं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हेच करून बघितलं होतं, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत परत वाचणारे पुढं होते, पण आठवड्यानं घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढं गेले. तुझी परीक्षा तर कित्येक आठवड्यांनी आहे.

रात्री ११ ला डबल स्पीड बंद कर बाई, दिवसभराच्या कामानं दमलेल्या डोक्यात ते शिरणारच नाही. कॉलेजच्या वायफायवर व्हिडिओ डाऊनलोड करून घे, लायब्ररीत लेक्चरच्या आधी ४० मिनिटं बस, फोन तेव्हा तुझाच असतो. इंग्रजी फास्ट वाटतं तर व्हिडिओची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर बोलतात ते सगळं लिहिलेलं, मिळते, ती आधी वाच आणि मग ऐक. काही कोर्सच्या ट्रान्सक्रिप्ट मराठीतून पण आहेत, तुझ्या कोर्सची आहे का बघ. अडलं तर कोर्सच्या चर्चेच्या पानावर विचार, मोडक्या इंग्रजीत विचारलंस तरी चालतं, टीए म्हणजे सरांचे मदतनीस उत्तर देतात.

आणि एक, संध्याकाळी आई विड्या वळत असेल तेव्हा तिच्या शेजारी बसून आज काय शिकलीस ते दोन मिनिटं तिला सांग. घरी तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत सांग. डेबिट क्रेडिट सांगायचं तर तंबाखू-पानांचा आणि मिळालेल्या मजुरीचाच हिशोब घे, तिला तो तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. ती मध्येच "म्हणजे काय?" म्हणाली आणि तू अडखळलीस, की तेवढाच भाग उद्या लायब्ररीत परत बघायचा. आणि या बुधवारच्या असाइनमेंटचं काय झालं ते मला नक्की लिहून कळव, मी वाट बघते.