वेळापत्रक जड की हलकं? वाचकांचे प्रश्न

फुटबॉलच्या नव्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर झालं की पत्रांचा ओघ वाढतो आणि बहुतेकांना एकच जाणून घ्यायचं असतं: आपल्या संघाला यंदा जड जाणार का? त्यातले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न : मी आर्सेनलचा चाहता. २०२५-२६ मध्ये आमच्या पहिल्या सहा सामन्यांतच मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी आणि न्यूकॅसल आले होते. सगळे म्हणत होते, फार अवघड सुरुवात आहे. पण शेवटी प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतोच ना? मग अवघड-सोपं येतं कुठून?
– अकरावीतला विद्यार्थी, ठाणे

अगदी मुद्द्याचं विचारलंस. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ आणि प्रत्येकाचे ३८ सामने. प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर. त्यामुळे अख्ख्या हंगामाचा विचार केला तर कोणाचंच वेळापत्रक दुसऱ्यापेक्षा फारसं कठीण नसतं. फरक असलाच तर इतकाच, की सर्वांत बलाढ्य संघाला स्वतःशी खेळावं लागत नाही, म्हणून त्याचं किंचित सोपं! खरा प्रश्न असतो तो एखाद्या टप्प्याचा. कठीण सामने कधी आले, एकमेकांना चिकटून आले का, आणि तेव्हा संघाची अवस्था काय होती, हे बघायचं.

टप्पा मोजायची एक साधी रीत सांगतो. तेच सामने, त्याच मैदानांवर, आदल्या हंगामात कसे गेले होते ते काढायचं. तुझेच सहा सामने घे. युनायटेडच्या मैदानावर, लीड्स घरी, लिव्हरपूलच्या मैदानावर, नॉटिंगहॅम फॉरेस्ट घरी, सिटी घरी, न्यूकॅसलच्या मैदानावर. लीड्स खालच्या लीगमधून नव्याने वर आलेला, त्यामुळे त्याच्या जागी खाली गेलेला संघ धरायचा. रिवाज असा, की खालच्या लीगचा विजेता हा अठराव्या क्रमांकावरून घसरलेल्या संघाच्या जागी. म्हणजे लीड्सच्या जागी लेस्टर.

आता २०२४-२५ चे निकाल लाव : युनायटेडकडे १-१, लेस्टरवर ४-२, लिव्हरपूलकडे २-२, फॉरेस्टवर ३-०, सिटीवर ५-१, न्यूकॅसलकडे ०-१. विजयाला ३ आणि बरोबरीला १ धरून एकूण गुण ११. आणि २०२५-२६ मध्ये काय झालं? युनायटेडकडे १-० विजय, लीड्सवर ५-०, लिव्हरपूलकडे ०-१ हार, फॉरेस्टवर ३-०, सिटीशी १-१, न्यूकॅसलकडे २-१ विजय. गुण १३. म्हणजे नुसता गुणतक्ता बघणाऱ्याला १८ पैकी ५ गुण गेलेले दिसले. आपल्या हिशोबाने मात्र आर्सेनल आदल्या वर्षापेक्षा २ गुणांनी पुढे होता, आणि तेही कठीण टप्पा पार करून.

नवं वेळापत्रक हातात आलं की सहा-सहा सामन्यांचे तुकडे पाड आणि प्रत्येक तुकड्यासमोर आदल्या वर्षीचे गुण लिहून ठेव. सप्टेंबरमध्ये कोणी घाबरवायला लागलं की तो कागद काढायचा.

प्रश्न : आमचा मित्रांचा गट मागच्या वर्षीच्या गुणतक्त्यावरून प्रतिस्पर्ध्यांना क्रमांक देतो आणि त्याची सरासरी काढतो. ही पद्धत बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

सुरुवात म्हणून ठीक, पण तिच्यावर विसंबू नका. २०१४-१५ मध्ये लेस्टर १४ वा होता, ४१ गुण. पुढच्याच वर्षी ८१ गुणांनी विजेता. त्यापुढच्या वर्षी पुन्हा १२ वा. त्याच काळात चेल्सी २०१५-१६ ला दहावा आणि २०१६-१७ ला ९३ गुणांसह विजेता. ज्यांनी या संघांना आदल्या वर्षीच्या क्रमांकाने तोललं, त्यांचा हिशोब साफ चुकला.

म्हणून गेल्या वर्षीची कामगिरी पूर्ण न धरता सरासरीकडे ओढून घ्या. लीगमध्ये दर सामन्यामागे सरासरी १.४ च्या आसपास गुण पडतात. लिव्हरपूलचे २०२४-२५ चे ८४ गुण म्हणजे सामन्यामागे २.२. त्याला अर्ध्या वाटेवर आणा : १.८. टॉटनहॅमचे ३८ गुण म्हणजे सामन्यामागे १. तो आकडा १.२ करा. वरचे खाली येतात, खालचे वर जातात, आणि सहसा हेच वास्तवाच्या जास्त जवळ असतं. मग प्रशिक्षक बदलला का, मुख्य गोलकर्ता विकला का, हे पाहून थोडं वर-खाली करा. गुणांऐवजी गोलफरक घेतलात तर आणखी चांगलं, कारण शेवटच्या मिनिटाच्या नशिबाने गुण जितके हलतात तितका गोलफरक हलत नाही.

वर आलेल्या संघांबद्दल विशेष जपून. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षं वर आलेले तिन्ही संघ लगेच खाली गेले. त्यामुळे २०२५-२६ ला वर आलेल्या संघांसमोर सगळ्यांनी डोळे झाकून तीन गुण लिहिले. त्यांतल्याच संडरलंडने चेल्सीला त्यांच्याच घरात २-१ हरवलं आणि आर्सेनलला २-२ असं रोखलं.

प्रश्न : फँटसी प्रीमियर लीग या ऑनलाइन खेळात प्रत्येक सामन्याला १ ते ५ असा कठीणपणाचा आकडा आणि रंग असतो. तो पाहून संघ निवडू का?
– एक वाचक, पुणे

बघा, पण एका आकड्यात दोन गोष्टी कोंबलेल्या असतात. एखादा प्रतिस्पर्धी भरपूर गोल करतो आणि भरपूर खातोही. त्याच्यासमोर तुमच्या बचावपटूला कठीण, पण आघाडीच्या खेळाडूला पर्वणी. रंग दोघांना एकच. तुम्ही स्वतः दोन रकाने करा : तो संघ किती गोल खातो, किती करतो. पहिल्यावरून आघाडीवीर निवडा, दुसऱ्यावरून बचावफळी.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलं न्यूयॉर्क जायंट्सची चाहती आहेत. इथे अमेरिकन फुटबॉलमध्ये दर वर्षी ‘कोणाचं वेळापत्रक सर्वांत कठीण’ अशी यादी येते. २०२५ ला जायंट्स त्यात पहिले होते. या यादीला किती महत्त्व द्यायचं?
– एक आई, न्यू जर्सी

ताई, एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, हा प्रश्न प्रीमियर लीगपेक्षा कितीतरी खरा आहे, कारण तिथे सगळे सगळ्यांशी खेळतच नाहीत. ३२ संघ, प्रत्येकाचे सामने फक्त १७. त्यातले ६ आपल्याच गटातल्या तिघांशी, घरी आणि बाहेर. लीगचे दोन अर्धे भाग म्हणजे कॉन्फरन्स; ४ आपल्याच कॉन्फरन्समधल्या एका गटाशी आणि ४ दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या एका गटाशी. हे गट दर वर्षी फिरतात. उरलेले ३ आदल्या वर्षी आपल्याच क्रमांकावर राहिलेल्या संघांशी. पहिला आलेला पहिल्यांशी भिडतो, चौथा चौथ्यांशी. म्हणजे १७ पैकी १४ सामने तुमचा क्रमांक काहीही असला तरी तेच. बदलतात ते तीन. चांगलं खेळल्याची शिक्षा म्हणून अख्खं वेळापत्रक कठीण मिळतं, हा समज त्यामुळे बराचसा चुकीचा आहे.

आता ती यादी. सतराही सामन्यांतल्या प्रतिस्पर्ध्यांचे मागच्या वर्षीचे विजय एकत्र करून टक्केवारी काढतात. २०२५ ला जायंट्सचा आकडा होता ०.५७४ आणि सर्वांत सोपा सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा ०.४१५. फरक मोठा वाटतो. त्याला १७ ने गुणा : २.७ सामने. मागच्या वर्षीची निम्मी ताकदच पुढे टिकते असं धरलं, तर फरक उरतो सव्वा-दीड सामन्याचा. तोही पहिल्या आणि शेवटच्या संघातला. मधल्या वीस-बावीस संघांना या यादीचा जवळजवळ काही अर्थ नाही.

आणि मागच्या वर्षीची ताकद टिकत नाही याचा धडा तुमच्या जायंट्सनेच घेतला आहे. वॉशिंग्टन त्यांच्याच गटात, दर वर्षी दोन सामने ठरलेले. २०२३ ला वॉशिंग्टनचे ४ विजय, १३ पराभव. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात हे दोन्ही सामने सोप्या रकान्यात गेले. पण त्याच वर्षी वॉशिंग्टनकडे जेडन डॅनियल्स हा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हाती असलेला खेळाडू, आला, संघ १२-५ वर पोचला आणि जायंट्सना २१-१८ आणि २७-२२ असं दोनदा हरवून गेला. एकाच खेळाडूमुळे संघ इतका बदलावा, असं आपल्या फुटबॉलमध्ये क्वचित घडतं. तिथे क्वार्टरबॅकच्या बाबतीत ते नेहमी घडतं. म्हणून मुलांना सांगा, यादी बाजूला ठेवा आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासमोर त्याचा क्वार्टरबॅक कोण ते लिहा. मग रविवारी खेळून लगेच गुरुवारी खेळावं लागणारे आठवडे कोणते आणि विश्रांतीचा आठवडा कधी येतो, यावर खूण करा. न्यूयॉर्कच्याच जेट्स संघाशी एखाद्या वर्षी गाठ पडली आणि सामना कागदावर बाहेरचा असला, तरी दोघांचं स्टेडियम एकच आहे, हेही विसरू नका.

प्रश्न : चॅम्पियन्स लीगच्या नव्या रचनेत सोडत वाईट निघाली तर संघ संपलाच का? आणि युरोपात खेळण्याचा लीगवर किती परिणाम होतो?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

युरोपातल्या अव्वल क्लबांच्या या स्पर्धेत २०२४-२५ पासून ३६ संघ, प्रत्येकाला आठ वेगवेगळे प्रतिस्पर्धी, चार घरी आणि चार बाहेर. पूर्वी गटात सहा सामने असत. इथे सोडतीला खरोखर वजन आहे. पहिल्याच वर्षी पॅरिस सेंट जर्मेंच्या वाट्याला सिटी, बायर्न, अ‍ॅटलेटिको आणि आर्सेनल आले. तीन सामने हरून १३ गुणांवर ते पंधरावे राहिले. पहिले आठ थेट पुढे जातात, त्यामुळे त्यांना ब्रेस्टविरुद्ध जादा दोन सामने खेळावे लागले. पुढे ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये इंटरला ५-० हरवून करंडक त्यांनीच उचलला. पंधरावा क्रमांक बघून त्यांना दुबळं समजणाऱ्यांनी त्यांचे प्रतिस्पर्धी पाहिलेच नव्हते.

लीगवरचा परिणाम मोठा असतो, असं माझं ठाम मत आहे. विजेता ठरलेला २०१५-१६ चा लेस्टर आणि २०१६-१७ चा चेल्सी, दोघांनाही त्या वर्षी युरोपातले सामने नव्हते. आठवडाभर सराव, आठवडाभर विश्रांती. वेळापत्रक वाचताना युरोपीय सामन्याच्या पुढचा लीग सामना लाल शाईने लिहा. गुरुवारी दूर कुठेतरी खेळून रविवारी बाहेर सामना असेल, तर समोर कोण आहे हे दुय्यम ठरतं. मात्र सामन्यांच्या तारखा टीव्ही प्रक्षेपणासाठी पुढेमागे होत राहतात, तेव्हा हे काम जूनमध्ये एकदाच करून भागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे सगळे सामने शाहू स्टेडियमवरच. घरचं-बाहेरचं काही नाहीच. मग आमच्या तालमीच्या संघाचं वेळापत्रक कसं जोखायचं?
– पाटाकडीलचा समर्थक, कोल्हापूर

घरचं मैदान म्हणजे मुख्यतः घरची माणसं. प्रीमियर लीगमध्ये २०२०-२१ ला बहुतेक सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तर घरच्या संघांनी १४४ सामने जिंकले आणि पाहुण्यांनी १५३! कोल्हापुरात दोन्ही पेठांची माणसं गॅलरीत असतात, त्यामुळे तो रकाना खोडूनच टाका. त्याऐवजी दोन सामन्यांत किती दिवसांचं अंतर आहे ते बघा. लीगनंतर बाद फेरीच्या स्पर्धा एकामागून एक सुरू होतात, तेव्हा हे अंतर आटत जातं. दुसरं म्हणजे, एकाच मैदानावर इतके सामने झाले की हंगामाच्या शेवटी गवत उडून जमीन कडक होते. छोट्या पासवर खेळणाऱ्या संघाला तेच प्रतिस्पर्धी तेव्हा जास्त जड जातात. शिवाजी तरुण मंडळ किंवा खंडोबा तालमीशी गाठ सुरुवातीला पडते की शेवटी, हे तुमच्या संघाच्या खेळाच्या पद्धतीप्रमाणे चांगलं किंवा वाईट ठरेल.

प्रश्न : एफसी गोवाच्या बाबतीत प्रवास किती धरायचा?
– एक वाचक, मडगाव

भरपूर. इंग्लंडमध्ये संघ सहसा त्याच रात्री घरी परततो. फातोर्ड्याच्या घरच्या मैदानाहून गुवाहाटी म्हणजे देशाच्या या टोकाहून त्या टोकाला. जमशेदपूरला जायचं तर रांचीला उतरून पुढे तासन्‌तास रस्त्याने. म्हणून किलोमीटर मोजू नका, दारापासून दारापर्यंतचे तास मोजा. बाहेरचे दोन सामने लागोपाठ असतील तर दोन्ही एकाच दिशेला आहेत का ते पाहा. गुवाहाटीनंतर कोलकाता आला तर एकाच फेरीत काम होतं. गुवाहाटीनंतर कोची आला तर तो आठवडा सरावाच्या दृष्टीने गेलाच. त्या कोचीच्या सामन्यासमोर, केरळा ब्लास्टर्स तक्त्यात कुठेही असोत, मी एक गुणच लिहीन.