कॅमेरा सुरू झाला की बोलती बंद

छोट्या व्यवसायाची जाहिरात स्वतःच करणाऱ्या वाचकांकडून एकाच धर्तीचे बरेच प्रश्न आले. त्यांतले पाच निवडले आहेत.

प्रश्न : मी घरून शिवणकाम करते. ग्राहकांशी तासभर बोलू शकते, पण रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की घसा कोरडा पडतो आणि पाठ केलेलं सगळं विसरते. पुन्हा पुन्हा शूट करते आणि शेवटी सगळं डिलीट करून टाकते. काय करू?

निम्मी अडचण त्या ‘पाठ केलेलं’मध्येच आहे. पाठ केलेल्या मजकुरातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. ग्राहकाशी बोलताना तुम्ही काहीच पाठ केलेलं नसतं. तिने काहीतरी विचारलेलं असतं आणि तुमचं लक्ष त्या प्रश्नावर असतं. कॅमेऱ्यासमोर विचारणारं कोणी नाही, त्यामुळे लक्ष स्वतःकडे वळतं : हात कुठे ठेवू, आवाज कापतोय का, केस नीट आहेत का.

म्हणून आधी प्रश्न आणा. ग्राहक खरोखर विचारतात ते प्रश्न वहीत लिहून काढा : कापड धुतल्यावर आटेल का, बाही नंतर सैल करता येईल का, माप घरी कसं घ्यायचं. एका व्हिडिओत एकच प्रश्न. उत्तराचे फक्त तीन शब्द जाड अक्षरात कागदावर लिहा आणि तो कागद लेन्सला अगदी लागून चिकटवा. तो दूर असला तर नजर सरकलेली लगेच कळते. सावकाश बोललं तर ३० सेकंदांत साधारण ६० ते ७० शब्द मावतात, त्याहून जास्त कोंबू नका. घरातलं कोणी फोनच्या मागे बसून प्रश्न विचारणार असेल तर फारच उत्तम, प्रश्न नंतर कापून टाकता येतो.

चेहऱ्यापासून सुरुवात करायची गरज नाही. आधी फक्त हातांचं काम शूट करा आणि आवाज नंतर भरा. ते सवयीचं झालं की काम करता करताच बोला, चेहरा तरीही चौकटीबाहेर. मग सुरुवातीला तीन-चार सेकंद चेहरा दाखवून एक वाक्य बोला आणि लगेच हातांवर जा. शेवटी पूर्ण ३० सेकंद चेहरा. प्रत्येक पायरीवर भीती ओसरून कंटाळा येईपर्यंत थांबा. सुरुवातीचे चार-पाच व्हिडिओ कुणाला दाखवायचेच नाहीत, असं ठरवूनच करा.

डिलीट करण्याबद्दल थोडं सविस्तर. मधूनच सोडून दिलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि नेमकं तेच सुटणं पुढच्या वेळची भीती वाढवतं. म्हणून तीनच टेक घ्या आणि तिघांतला बरा तो ठेवा. अडखळलात तर रेकॉर्डिंग बंद न करता दोन सेकंद गप्प राहा, तेच वाक्य पुन्हा म्हणा आणि चुकलेला भाग नंतर कापा. पहिली दोन वाक्यं फेकायचीच आहेत असं धरून चाला, कारण आवाज स्थिरावतो तो त्यांच्यानंतर. व्हिडिओ त्याच वेळी पाहू नका, तेव्हा फक्त अडखळणंच दिसतं. दुसऱ्या दिवशी एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका.

कोरड्या घशासाठी आधी पाण्याचे दोन-चार घोट घ्या आणि मिनिटभर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडणं लांबलं की धडधड कमी होते. मात्र ही भीती कॅमेऱ्यापुरती नसून फोनवर बोलणं, चारचौघांत जाणंसुद्धा टाळायला लावत असेल, तर समुपदेशकाला भेटा. तिथे रीलच्या युक्त्या पुरत नाहीत.

प्रश्न : आरशात मी बरा दिसतो. व्हिडिओत नाक मोठं, चेहरा एका बाजूला वाकडा आणि आवाज चिरका वाटतो. माझा चेहराच कॅमेऱ्याजोगा नाही का?

तिन्ही तक्रारींची कारणं चेहऱ्याबाहेरची आहेत.

वाकडेपणा : आरशात डावं-उजवं उलटं दिसतं आणि आपल्याला तीच प्रतिमा ओळखीची असते. १९७७ मध्ये मिता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी लोकांना त्यांच्या छायाचित्राची सुलट आणि आरशासारखी उलट अशी दोन्ही रूपं दाखवली. स्वतःला आरशातलं रूप जास्त आवडलं, मित्रांना सुलट. तुमच्या ग्राहकांनी तुम्हाला कायम सुलटच पाहिलंय, त्यांना काहीच वाकडं दिसत नाही.

नाक : हा अंतराचा परिणाम. अवघ्या ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून दिसतं त्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद भासतं, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशेबाने दाखवलं आहे. फोन हातात धरू नका. एक ते दीड मीटरवर, लेन्स डोळ्यांच्या उंचीला येईल असा ठेवा. जास्त मोठा परिसर टिपणारी ०.५ची लेन्स चेहऱ्यासाठी वापरू नका. शक्यतो मागचा कॅमेरा घ्या : चित्र सहसा जास्त चांगलं येतं, आणि बोलताना स्वतःचा चेहरा दिसत नाही, जो लाजणाऱ्या माणसासाठी मोठाच फायदा आहे.

आवाज : बोलताना आपल्याला स्वतःचा आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. हाडांतून येणारा भाग खर्जातला असतो, रेकॉर्डिंगमध्ये तो गळतो. इतरांना तुमचा आवाज नेहमी तसाच ऐकू येतो. खरी बिघाडाची जागा वेगळीच असते. फोन दीड मीटरवर गेला की त्याचा माइक आवाजासोबत खोलीतला घुमारा आणि पंख्याची घरघरही घेतो. कॉलरला लावायचा साधा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. रिकाम्या खोलीपेक्षा पडदे आणि गाद्या असलेली खोली बरी.

उजेडाबद्दल एवढंच : खिडकी समोर किंवा समोरून जरा तिरकी हवी. पाठीमागे असली तर चेहरा काळा पडतो, आणि फक्त डोक्यावरचा दिवा असला तर डोळ्यांखाली खड्डे दिसतात. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो, मध्येच चित्र उजळ-अंधूक होत नाही.

प्रश्न : चेहरा न दाखवता भागणार नाही का?

भागतं, विकायची वस्तू असेल तर. हात, वस्तू आणि आवाज पुरेसे असतात. पण शिकवणी, सल्ला, किंवा ग्राहकाच्या घरी जाऊन करायचं काम असेल, तर येणारा माणूस कोण हे लोकांना पाहायचं असतं. तिथे लपून राहिलात तर गिऱ्हाईक बिचकतं.

प्रश्न : अनोळखी लोकांचं काही वाटत नाही. जुने सहकारी आणि नातेवाईक बघून हसतील, ही खरी भीती. त्यावर उपाय?

लोक आपल्याकडे किती पाहतात याचा आपला अंदाज नेहमीच फुगलेला असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात पाहिला होता साधारण पाव लोकांनी.

तरी भीती राहतेच, म्हणून तांत्रिक बंदोबस्तही करा. व्यवसायाचं खातं वेगळं उघडा, फोनमधले संपर्क त्याला जोडू नका, आणि ‘इतरांना हे खातं सुचवा’ ही सोय बंद ठेवा. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायल रील्स आणले. त्यात रील आधी फक्त तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांना दाखवलं जातं. सगळ्या खात्यांवर ही सोय दिसत नाही, पण असेल तर तुमच्यासारख्यांसाठीच आहे. नको ते शब्द असलेल्या कमेंट आपोआप लपवण्याची सोय इन्स्टाग्रामवर आहे, आणि यूट्यूबवर कमेंट तुम्ही पाहून मंजूर करेपर्यंत रोखून ठेवता येतात.

व्हिडिओ टाकून लगेच फोन बाजूला ठेवा. कमेंट दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी वाचा. प्रश्नाला उत्तर द्या, मालाबद्दलच्या तक्रारीला सगळ्यांसमोर उत्तर द्या, आणि दिसण्यावरची शेरेबाजी वाद न घालता पुसून टाका.

प्रश्न : ब्यूटी फिल्टर लावला की धीर येतो. लावत राहू का?

सरावाचे पहिले दोन-तीन व्हिडिओ हवं तर लावून करा. पण फिल्टरमागे राहून येणारा धीर फिल्टर काढताच जातो, आणि दुकानात येणारं गिऱ्हाईक तुम्हाला तसंच ओळखेल याचीही खात्री नाही. वस्तू हातात धरून बोलणार असाल तर मुळीच नको. काही फिल्टर त्वचेसोबत अख्ख्या चित्राचा रंग बदलतात आणि कापडाचा पोतही पुसट करतात. मग ‘व्हिडिओत वेगळा रंग होता’ म्हणत माल परत येतो.